रेल्वेला जमीन जातेय? हरकतीचे ३० दिवस कुठून मोजायचे ते आधी बघा

प्रकल्प रखडू नयेत म्हणून २००८ साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली. एखादा मार्ग ‘विशेष रेल्वे प्रकल्प’ म्हणून जाहीर झाला की भूसंपादन या कायद्याच्या कलम २०ए पासून, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या अधिसूचनेपासून सुरू होतं. शेतकऱ्याला ते कळतं बांधावर खुंट्या ठोकल्यावर.

हरकतीला ३० दिवस मिळतात, पण ते राजपत्रात २०ए ची अधिसूचना छापली त्या तारखेपासून. नोटीस हातात कधी पडली, याला कुणी विचारत नाही. तलाठ्याकडे गेलात तर आधी राजपत्राची तारीख मागा, बाकी नंतर.

हरकत लेखी आणि कारणांसह सक्षम प्राधिकाऱ्याकडे (बहुधा प्रांत किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी) द्यायची, पोच घ्यायची. त्यात ‘दर कमी आहे’ एवढंच लिहू नका. असे कितीतरी अर्ज फेटाळलेले पाहिलेत. या टप्प्यावर दर ठरलेलाच नसतो. तो पुढे २०एफ मध्ये ठरतो. इथे प्रश्न फक्त संपादनाचा.

२०ए च्या अधिसूचनेपासून वर्षभरात २०ई ची, म्हणजे संपादनाची घोषणा झाली नाही तर ती अधिसूचना रद्द होते. झाली, की जमीन केंद्र सरकारची.

मग पैशाचे दावे मागवतात, आणि खरा घोळ इथे. सातबारा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन चाळीस वर्षं, मृत्यूचा दाखला कुणाकडेच नाही. ग्रामपंचायतीत नोंद सापडली नाही तर तसं अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र घ्या, मग कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश, मग दाखला, मग वारस फेरफार. फेरफारालाही १५ दिवसांची हरकतीची मुदत आहेच. सरकारला एकेका टप्प्याला वर्ष, आणि तुम्ही मात्र ‘कागद लगेच आणा’ हे ऐकायचं! म्हणून मोजणीची चाहूल लागली त्याच आठवड्यात वारस नोंदीला लागा.

सोसायटीचं कर्ज फिटलं असेल तर ‘इतर हक्कां’तला बोजा उतरवून घ्या. विहीर, झाडं, पाइपलाइन संयुक्त मोजणीच्या पत्रकात आली का, हे सही करण्याआधी वाचा. कोऱ्या रकान्याखाली सही करू नका.

२०१५ पासून मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे निघतो, म्हणजे १०० टक्के दिलासा रक्कम (सोलेशियम, ठरलेल्या मोबदल्याइतकीच जादा रक्कम) धरून. तोही कमी वाटला तर लवादाकडे अर्ज करता येतो.

आणि लग्न होऊन गेलेल्या आत्याला वारसांतून वगळू नका. तिची हरकत आली की सगळ्या भावांचे पैसे अडकतात.