हेडलाइट : घरगुती दोषनिदान व बदल (ग्वाल्हेर)

मोटारीच्या पुढच्या दिव्यांचा उजेड का घटला किंवा दिवा का बंद पडला याचे कारण शोधणे, आणि बल्ब, फ्यूज, होल्डर असा नादुरुस्त भाग घरीच बदलणे. हे काम प्रामुख्याने हॅलोजन दिव्यांच्या गाड्यांत शक्य असते.

ग्वाल्हेरमध्ये या कामाला हिवाळ्याची निकड असते. डिसेंबर-जानेवारीत शहरावर आणि आसपासच्या सपाट मुलखावर दाट धुके उतरते. दृश्यता ५० मीटरच्या खाली गेली की हवामान खाते त्याला अतिदाट धुके म्हणते. अशा पहाटे मुरैना किंवा झाशीच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ४४ वर निघणाऱ्याची भिस्त पुढच्या दोन दिव्यांवरच असते. लष्कर भागात फाळके बाजार, चिटणीसांची गोठ अशा जुन्या मराठी वस्त्यांतले बोळ अरुंद असल्यामुळे बऱ्याच गाड्या उघड्यावर उभ्या राहतात. उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे जाणारे ऊन, धूळ आणि पाऊस हे सगळे दिव्याची काच आणि जोडण्या सोसतात. उजेड कमी झाला की घरात पहिले वाक्य येते, ‘बल्ब गेला’. पुष्कळदा बल्ब शाबूत असतो आणि दोष त्याच्यापर्यंत वीज पोहोचवणाऱ्या वाटेत असतो. म्हणून आधी तपासणी, मग खरेदी हाच क्रम योग्य.

मारुती ८००, आल्टो यांसारख्या गाड्यांत एच ४ जातीचा बल्ब असतो. त्यात दोन तंतू असतात, ६० वॅटचा अप्पर (लांब जाणारा झोत) आणि ५५ वॅटचा डिप्पर (खाली झुकलेला, जवळचा झोत). एच ७ मध्ये ५५ वॅटचा एकच तंतू असल्याने अप्पर आणि डिप्पर यांना वेगळे बल्ब लागतात. हॅलोजन बल्बमध्ये तापलेल्या टंगस्टनची वाफ आयोडीन किंवा ब्रोमीनशी संयोग पावते आणि तंतूजवळच्या उष्णतेत टंगस्टन पुन्हा तंतूवर बसते. त्यामुळे काच काळी पडत नाही. हे चक्र चालण्यासाठी काच फार तापावी लागते, म्हणून ती साधी नसून क्वार्ट्‌झची असते.

निदानाची सुरुवात एका प्रश्नाने होते : एकच दिवा गेला की दोन्ही? दोन्ही एकदम गेले तर दोन बल्ब एकाच क्षणी उडण्याचा संभव फार थोडा. फ्यूज, रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), डिप्परचा स्विच किंवा दोघांची सामाईक वायर पाहावी. एकच गेला असेल तर बल्ब, त्याचा होल्डर, त्याची अर्थ (वीज बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) आणि, बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्याचे फ्यूज वेगळे असल्याने, त्या बाजूचा फ्यूज. डिप्पर लागत नाही पण अप्पर लागतो, असे एच ४ च्या गाडीत एकाच बाजूला झाले तर बहुधा एक तंतू तुटलेला असतो. सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची परीक्षा म्हणजे डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून पाहणे. दोष बल्बाबरोबर सरकला तर बल्ब वाईट. जागीच राहिला तर वायरिंग. बाहेर काढलेला बल्बही बरेच सांगतो. आतून काळवंडला असेल तर आयुष्य संपत आले आहे; आत पांढरट भुकटी दिसली तर काचेला तडा जाऊन हवा शिरली आहे.

फ्यूजचा रंग त्याची क्षमता दाखवतो : १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच क्षमतेचा बसवावा. तोही लगेच उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे असे समजून शोध घ्यावा. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावून काम भागवू नये; मग फ्यूजऐवजी वायर जळते. थंडीत इंजिनच्या उबेला बसणारे उंदीर वायर कुरतडतात, हे कारण जुन्या वस्त्यांत आवर्जून तपासण्यासारखे आहे.

दिवा लागतो, पण मिणमिणता. हा दोष ओळखायला सर्वांत अवघड आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. तंतूचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे बल्बपर्यंत १० टक्के कमी व्होल्टेज पोहोचले तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. एवढी घट व्हायला एक गंजलेला स्क्रू पुरतो. यासाठी व्होल्टेज मोजणारा साधा मल्टिमीटर घरी असावा. इंजिन बंद असताना चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.४. चालू इंजिनावरही आकडा १३ च्या खाली राहिला तर अल्टरनेटर (इंजिनावर चालून वीज बनवणारे यंत्र) किंवा त्याचा पट्टा पाहावा. अशा वेळी दोन्ही दिवे मंद दिसतात आणि ॲक्सिलरेटर दाबला की उजळतात. आकडा १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि बल्ब वारंवार उडण्याचे कारण तेच. व्होल्टेज अवघे ५ टक्के वाढले तरी बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते.

एकच दिवा मंद असेल तर तो चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी होल्डरच्या अर्थच्या पिनेला मागून लावावी. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ खराब. अर्थची वायर बॉडीला जोडणारा स्क्रू काढून, खालचा रंग आणि गंज सँडपेपरने घासून, घट्ट आवळला की बहुतेक वेळा दिवा पूर्ववत उजळतो. होल्डरचे प्लॅस्टिक तपकिरी पडलेले किंवा वितळलेले असेल तर त्याच्या पिना सैल झाल्या आहेत. सिरॅमिकचा होल्डर बसवणे हा टिकाऊ उपाय.

वीज पुरेशी आहे, बल्ब चांगला आहे आणि तरी रस्ता दिसत नाही, तर काच पाहावी. ही काच खरे तर पॉलिकार्बोनेट असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यावरचे संरक्षक लेपन झिजते आणि ती पिवळी पडते. ८०० किंवा १००० नंबरच्या वॉटर पेपरने (ओला वापरायचा सँडपेपर) पाणी मारत घासून, पुढे २००० आणि ३००० वर जाऊन पॉलिश केले की ती पुन्हा स्वच्छ होते. त्यानंतर अतिनीलरोधक क्लिअर कोट मारलाच पाहिजे, नाहीतर एक-दोन उन्हाळ्यांत सगळे पहिल्यासारखे होते. टूथपेस्टने घासणे हा काही आठवड्यांचा दिलासा. आत पाणी साचत असेल तर मागची रबरी टोपी नीट बसली आहे का ते बघावे.

बल्ब बदलताना दिवा आणि इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. बल्बच्या मागचा वायरचा कपलर (प्लग) धरून ओढावा, वायर धरून नव्हे. मग रबरी टोपी काढून स्प्रिंगची क्लिप दाबून सोडवली की बल्ब बाहेर येतो. एच ४ च्या चकतीचे तीन कान सारखे नसल्याने तो एकाच स्थितीत बसतो. जोर लावावा लागत असेल तर तो तिरका धरला आहे. काचेला बोट लावू नये. कातडीचे तेल तापलेल्या क्वार्ट्‌झवर डाग धरते, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलेच तर स्पिरिटने पुसून काढावे. बल्ब जोडीने बदलणे चांगले, कारण दुसराही तितकाच जुना आणि मंद झालेला असतो.

१००/९० वॅटचा बल्ब घालण्याचा मोह धोक्याचा आहे. मूळ वायर आणि होल्डर ५५-६० वॅटच्या हिशेबाने केलेले असतात. १०० वॅटला एकेका दिव्यामागे आठ अँपिअरहून जास्त प्रवाह जातो, होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चकाकी करपते. हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्बही तितकेच फसवे, कारण रिफ्लेक्टर तंतूच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. प्रकाशाचा उगम किंचित सरकला की उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

बल्ब बदलल्यावर झोताचा रोख तपासणे हा कामाचाच भाग आहे आणि तोच सर्रास वगळला जातो. टायरमध्ये योग्य हवा भरून गाडी सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर उभी करावी. डिप्परची वरची कड दिव्याच्या मध्यबिंदूपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली पडावी, म्हणजे १ टक्का उतार. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, म्हणून ती कड डाव्या बाजूला थोडी वर चढलेली असते; उजवीकडे चढलेली दिसली तर दिवा दुसऱ्या देशाच्या नियमाचा आहे. लष्करच्या बोळात ५ मीटर मिळत नाहीत. शेजारची शाळेची किंवा कॉलनीची लांब भिंत आणि संध्याकाळची वेळ गाठावी. दिव्याच्या मागच्या स्क्रूने रोख वर-खाली करता येतो.

धुक्यात या रोखाची खरी किंमत कळते. अप्पर लावला की धुक्याचे थेंब उजेड चालकाकडेच परत फेकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा डिप्परच हवा. पिवळा प्रकाश धुके भेदतो ही समजूत बरोबर नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने ते सगळे रंग सारखेच विखुरतात. फॉग लॅम्प उपयोगी पडतो तो रंगामुळे नव्हे, तर तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत रुंद व वरून कापलेला असतो म्हणून.

एचआयडी दिव्यांना (तंतूऐवजी वायूतल्या विजेच्या ठिणगीने पेटणाऱ्या) घरी हात लावू नये. पेट घेताना त्यांचा बॅलास्ट (वीज पुरवणारा डबा) २०,००० व्होल्टच्या पुढे दाब देतो. नव्या गाड्यांतले बंदिस्त एलईडी दिवे उघडतच नाहीत. त्यातला एक भाग गेला तरी बहुधा सबंध दिवा बदलावा लागतो आणि तो महाग पडतो. १९०५ पासून भरणाऱ्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात अनेक वर्षी वाहन करात सवलत मिळते, त्यामुळे शहरातली बरीच वाहनखरेदी तिथेच आणि ऐन धुक्याच्या दिवसांत होते. गाडी निवडताना दिवा हॅलोजनचा आहे की बंदिस्त एलईडीचा, आणि बॉनेट उघडून बल्बपर्यंत हात पोहोचतो का, हे तिथेच पाहून घ्यावे. काही मॉडेलांत साधा बल्ब बदलायलाही पुढचा बंपर उतरवावा लागतो.