पीआरपी (केस आणि त्वचेसाठी)

पीआरपी म्हणजे प्लेटलेट रिच प्लाझ्मा. पेशंटचं स्वतःचंच रक्त काढायचं, ते मशीनमध्ये फिरवून त्यातला जास्त प्लेटलेट असलेला पिवळसर भाग वेगळा करायचा आणि बारीक सुईने परत त्याच माणसाच्या डोक्यात नाहीतर चेहऱ्याच्या कातडीत टोचायचा, एवढीच ही ट्रीटमेंट. पुस्तकी मराठीत प्लेटलेटला बिंबाणू आणि प्लाझ्माला रक्तद्रव म्हणतात पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे शब्द बोलण्यात नाहीत. क्लिनिकच्या बोर्डवर पीआरपी असतं आणि घरी सांगताना लोक "रक्ताची ट्रीटमेंट" म्हणून सांगतात.

इकडे प्लेटलेट हा शब्द घराघरात पोचला तो डेंग्यूमुळे. पावसाळ्यात कोणाला तरी ॲडमिट करतात, रोज रिपोर्ट येतो, "आज किती झाल्या प्लेटलेट" हे शेजारीपाजारी पण विचारतात. त्यामुळे पीआरपीचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं आधी घाबरतात, की प्लेटलेट कमी झाल्यावर माणूस जातो आणि हे लोक वर आणि काढून घेतात? तर तसं काही नाही. केसांच्या एका सिटिंगला साधारण १० ते ३० मिली रक्त काढतात, रक्तदानाला ३५० मिली घेतात, म्हणजे हे त्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी झालं. प्लेटलेटचं आयुष्य मुळातच ७ ते १० दिवसांचं असतं, शरीर रोज नव्या बनवतच असतं.

पण डेंग्यूचा आणि केसांचा खरा संबंध वेगळाच आहे आणि तो लोकांना माहीत नसतो म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय. मोठा ताप येऊन गेला, मग तो डेंग्यू असो, टायफॉइड असो नाहीतर कोविड, की २-३ महिन्यांनी केस मुठीमुठीने गळायला लागतात. बाळंतपणानंतर, मोठ्या ऑपरेशननंतर, उपाशी राहून वजन उतरवल्यावर पण असंच होतं. याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. शरीरावर ताण आला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ती अवस्था संपली की एकत्र पडतात, म्हणून ताप जून-जुलैत आणि गळती नवरात्राच्या आसपास. माणसाला वाटतं आता टक्कलच पडणार. पण मूळ जिवंत असतं आणि कारण गेलं असेल तर बहुतेकांचे केस सहाएक महिन्यांत आपोआप परत येतात. अशा वेळी पीआरपीचे ४ सिटिंग केले आणि केस आले तर श्रेय पीआरपीला जातं, पैसे पण जातात, केस मात्र तसेही येणारच होते.

आता काम कसं होतं ते. माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. कुठे कापलं की त्या तिथे जमतात, रक्त थांबवतात आणि त्यांच्या आतल्या बारीक पिशव्यांमधून ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं सोडतात. पीडीजीएफ, व्हीईजीएफ, टीजीएफ बीटा अशी त्यांची नावं आहेत, कोणी नवीन रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं, कोणी पेशी वाढायला. जखम भरायचं हेच काम जिथे जखम नाही तिथे मुद्दाम करवून घ्यायचं ही पीआरपीमागची कल्पना. त्यासाठी प्लेटलेटचं प्रमाण नेहमीच्या ३ ते ५ पट, म्हणजे मायक्रोलिटरला १० लाखाच्या आसपास असावं असं मानतात.

रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असलेल्या ट्यूबमध्ये घेतात आणि सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये ठेवतात. पहिल्या फेरीत मशीन हळू फिरवतात, तांबड्या पेशी जड म्हणून तळाला जातात, वर पिवळा प्लाझ्मा राहतो आणि मध्ये पांढरट पातळ पापुद्रा. मग वरचा भाग दुसऱ्या ट्यूबमध्ये घेऊन जोरात फिरवतात, की प्लेटलेट खाली बसतात, वरचं पातळ पाणी काढून टाकायचं आणि खालचं घट्ट तेवढं वापरायचं. काही तयार किटमध्ये एकाच फेरीत काम होतं. सगळा खेळ इथेच आहे. स्पीड चुकला, वेळ चुकली, वरचंच पाणी सिरिंजमध्ये ओढलं तर पेशंटला टोचलं जातं ते नुसतं प्लाझ्मा, आणि डोळ्याला दोन्ही पिवळंच दिसतं! रोजच्या प्रॅक्टिसमध्ये तयार पीआरपीत प्लेटलेट किती आल्या हे सहसा कोणी मोजत नाही, आणि दोन ठिकाणच्या पीआरपीचा रिझल्ट वेगळा येण्याचं हे मोठं कारण आहे. काही ठिकाणी त्यात कॅल्शियम क्लोराइड घालून प्लेटलेट जाग्या करतात. तसं केल्यावर ग्रोथ फॅक्टरचा बराचसा माल पहिल्या १० मिनिटांतच बाहेर पडतो म्हणून लगेच टोचावं लागतं, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या सिटिंगला वापरू असं चालत नाही.

हा शब्द मुळात १९७० च्या दशकात रक्तपेढीवाल्यांचा, प्लेटलेट कमी झालेल्या पेशंटला चढवायच्या पदार्थासाठी. १९९० च्या दशकात जबड्याच्या सर्जननी हाड भरायला वापर सुरू केला, मग गुडघे-खांदे, आणि केस-कातडीकडे ही गोष्ट त्यानंतर आली. आजही बेळगावात कोणी "पीआरपी घेतलं" म्हटलं तर गुडघ्यात की डोक्यात हे विचारावं लागतं.

केसांमध्ये याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो अँड्रोजेनेटिक ॲलोपेशियावर, म्हणजे पुरुषांचं कपाळ मागे जाणं आणि टाळू उघडी पडणं, बायकांचा भांग रुंद होत जाणं. याचं कारण घराण्यातून आलेला गुण आणि डीएचटी नावाचा हार्मोन, त्याने केसाचं मूळ वर्षानुवर्षं बारीक होत जातं. आपल्याकडे दोष बोअरच्या पाण्याला देतात. गावागावात लष्करातली माणसं आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, तिथे दोष हेल्मेटला जातो. जड पाण्याने केस राठ होतो हे बरोबर, पण मूळ कातडीच्या आत असतं, तिथे ते पाणी पोचत नाही, आणि हेल्मेटने टक्कल पडत नाही. मूळ बारीक झालंय पण मेलेलं नाही अशा ठिकाणी पीआरपीने केस थोडे दाट आणि जाड होतात असं बऱ्याच छोट्या अभ्यासांत दिसलंय. जिथे टाळू गुळगुळीत चकचकीत झाली तिथे पीआरपीने केस उगवत नाहीत, कोणी काहीही सांगो. आणि मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड या औषधांच्या जागी नाही तर त्यांच्या जोडीला म्हणून ते देतात. चाई, म्हणजे गोल चट्ट्यात केस जाणं, त्यातही वापरतात, पण तिथे आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं वगैरे नेहमीचे उपाय असतात.

बायकांच्या बाबतीत मला एक गोष्ट फार आतून सांगावीशी वाटते. आमच्या आत्येबहिणीने एका ठिकाणी ३ सिटिंग केले, दर महिन्याला गावाहून एसटीने यायची, फरक शून्य. नंतर दुसऱ्या डॉक्टरने साध्या ब्लड टेस्ट करायला लावल्या तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही तळाला गेलेलं, गोळ्या चालू केल्यावर केस गळायचे थांबले. त्यासाठीच आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड बघायचं असतं. रक्त काढणारच आहेत तर आधी तपासायला काढा, एवढं म्हणायला कोणाची भीती नको.

सिटिंग साधारण महिन्याच्या अंतराने ३ ते ४, नंतर सहा महिने ते वर्षाने एखादं. डोक्याभोवती भुलीची इंजेक्शनं देतात मग इन्सुलिनच्या सुईने सेंटीमीटरभर अंतरावर थेंब थेंब टोचत जातात, दुखतं पण सहन होतं. दिसण्यासारखा फरक ३ ते ६ महिन्यांनी. तुळशीचं लग्न झालं की इकडे लग्नसराई, "लग्न ठरलंय, केस गळूलालेत, दीड महिन्यात काय तरी करा" म्हणून पोरं येतात, पण केसाची वाढच महिन्याला सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर, दीड महिन्यात फोटोत दिसेल असं काही होत नाही.

चेहऱ्यासाठी मुरुमांचे खड्डे, डोळ्याखालचा भाग, बारीक सुरकुत्या यांवर करतात. बहुतेक वेळा आधी बारीक सुयांच्या रोलरने किंवा पेनने कातडीला छिद्रं पाडतात आणि वरून पीआरपी लावतात. खड्ड्यांवर नुसत्या सुयांपेक्षा दोन्ही मिळून जरा बरा रिझल्ट मिळतो, पण खोल टोकदार खड्डे याने भरत नाहीत. वांगावर खात्री देता येत नाही, आणि उसाच्या फडात किंवा बांधावर दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईला सनस्क्रीन आणि डोक्यावर पदर न सांगता फक्त पीआरपी विकणं मला अन्याय वाटतो.

स्वतःचंच रक्त, म्हणजे ॲलर्जीची भीती कमी, हे खरं. पण "स्वतःचं आहे म्हणजे शंभर टक्के सेफ" हे खरं नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका स्पामध्ये असं चेहऱ्याचं पीआरपी केलेल्या बायकांना एचआयव्ही झाला, २०१८ मध्ये तो स्पा बंद केला आणि २०२४ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने सविस्तर अहवाल दिला. तिथे नाव न लिहिलेल्या रक्ताच्या ट्यूब पडलेल्या होत्या आणि एकदा वापरून टाकायच्या वस्तू परत वापरल्याची चिन्हं होती. म्हणून ट्यूबवर आपलं नाव आपल्या समोर लिहिलं पाहिजे, सुई आणि रोलरचं टोक समोर सीलबंद पाकिटातून फोडलं पाहिजे, आणि हे काम पार्लरमध्ये नाही तर त्वचारोगाच्या डॉक्टरकडेच झालं पाहिजे.

प्लेटलेट कमी असतील, रक्ताचा आजार असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, कॅन्सर असेल, दिवस गेलेले असतील किंवा टोचायच्या जागी इन्फेक्शन असेल तर हे करत नाहीत. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद ठेवायला सांगतात, हार्टची ॲस्पिरिन मात्र मनाने बंद करायची नाही. निपाणी-चिकोडीकडचा सगळा तंबाखूचा पट्टा, तिथे विडी-सिगरेट ओढणाऱ्याने डॉक्टरला खरं सांगावं, कारण धूम्रपानाने रिझल्ट कमी येतो असं मानतात.

सीमाभागात आणखी एक अडचण भाषेची. संमतीचा फॉर्म इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असतो, आणि मराठी शाळेत शिकलेला माणूस न वाचता सही करतो. डॉक्टर-नर्स बहुतेक मराठी बोलतात, तेव्हा सही करायच्या आधी "हे मराठीत सांगा" म्हणायला संकोच नको, आजार काय, किती सिटिंग, किती पैसे, फरक नाही पडला तर पुढे काय. अंतराचा पण हिशेब करावा. निपाणीकराला कोल्हापूर ४० किलोमीटर, अथणीकराला बेळगावपेक्षा मिरज जवळ, त्यामुळे बरेच जण राज्य ओलांडून जातात. कुठेही गेलात तरी सगळे सिटिंग शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने व्हावेत. आणि विमा यात काही देत नाही, कारण हे सौंदर्याच्या खात्यात धरतात, प्रत्येक सिटिंगचे हजारो रुपये खिशातूनच.

करून आल्यावर त्या दिवशी डोकं धुवायचं नाही, तेल नाही, ऊन आणि घाम टाळायचा, डोकं जड वाटणं आणि कपाळावर थोडी सूज एक-दोन दिवस असते. सूज वाढत गेली, पू झाला, ताप आला तर फोनवर न विचारता परत जाऊन दाखवायचं. पहिल्या सिटिंगच्या आधी भांगाचा आणि टाळूचा फोटो काढून ठेवायचा, पुढचे फोटो त्याच उजेडात, केस तितकेच कोरडे ठेवून, आणि चौथ्या सिटिंगला ते डॉक्टरपुढे ठेवायचे.