पार्श्वभूमी : बाळंतपणाची भीती आणि लेबर रूममधली सोबत

बाळंतपणाची भीती जुनीच, दवाखान्याने तिची दखल घेणे मात्र अलीकडचे. एकोणिसाव्या शतकात ही भीती सरळ जिवाची होती. १८४७ मध्ये एडिंबरात बाळंतिणीला क्लोरोफॉर्म दिला गेला आणि वेदनेवर औषध सापडले. भीतीचा वेगळा विचार व्हायला पुढची ८६ वर्षे गेली. भीतीने अंग आखडते, आखडल्याने कळा जास्त दुखतात आणि दुखण्याने भीती आणखी वाढते, अशी मांडणी १९३३ मध्ये एका इंग्रज डॉक्टराने केली. ती सगळ्यांना पटली नाही. तरी आजच्या प्रसूतिपूर्व वर्गांतल्या श्वासाच्या व्यायामांमागे त्या विचाराचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे पहिलटकरणीला माहेरी आणायचे आणि सुईण, आई, आजी, एखादी काकू यांच्या हाताखाली बाळंतपण उरकायचे, अशी रीत होती. त्या अंधाऱ्या बाळंतखोलीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिथे आई आणि बाळ दोघेही दगावत. पण कळा देणारी बाई तिथे एकटी नसे.

एप्रिल २००५ मध्ये दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बायकांना रोख मदत देणारी केंद्राची योजना आली, आणि चित्र झपाट्याने पालटले. महाराष्ट्रात दवाखान्यातल्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्क्यांवर गेले. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ झाले. हे श्रेय कुणी नाकारू नये. मात्र मरणाची धास्ती कमी झाली तशी दुसरी भीती वर आली: अनोळखी खोली, आडपडदा नसलेले टेबल, वारंवार होणारी आतली तपासणी, आणि ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?’ हे ठरलेले वाक्य. सोबत आलेली आई किंवा सासू दाराबाहेर बाकावर. एका खोलीत चार-चार बायका असताना नातेवाईक आत कसे घ्यायचे, हा सिस्टरांचा सवालही खोटा नव्हता.

खरे तर उपाय कधीचाच माहीत होता. ग्वाटेमालातल्या एका दवाखान्यात पहिलटकरणींजवळ एक साधी, अनोळखी बाई बसवून पाहिले. १९८० मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत सोबत मिळालेल्यांच्या कळा सरासरी सुमारे नऊ तास चालल्या, एकट्या राहिलेल्यांच्या सुमारे एकोणीस तास. प्रयोग लहान होता, पुढच्या अभ्यासांत फरक इतका मोठा दिसला नाही. पण २०१७ च्या आढाव्यात पंधरा हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र केली, तेव्हाही दिशा तीच निघाली: नॉर्मल बाळंतपणे थोडी जास्त, सीझर थोडे कमी, आणि बाळंतपणाची कडवट आठवण कमी जणींना. बाईने निवडलेले घरचे माणूस आत असावे, ही शिफारस १९८५ मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरातल्या परिषदेत झाली होती. तमिळनाडूने २००४ पासून सरकारी दवाखान्यांत अशी सोबत सुरू केली. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना यायला फेब्रुवारी २०१६ उजाडले.

त्या सूचनांतली अट अजून वादाची आहे. सोबतीण ही स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई असावी, असे त्यात म्हटले आहे. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये, दुसऱ्या बायकांकडे जाऊ नये, या बाकीच्या अटींबद्दल फारशी तक्रार नाही. पण मूल झालेलीच का? समर्थक म्हणतात, पूर्वी कळा सोसलेली बाई घाबरत नाही, गोंधळ घालत नाही. मग अविवाहित बहीण, मूल नसलेली जिवाभावाची मैत्रीण यांचे काय? डोहाळजेवणात ओटी भरायला लेकुरवाळीच लागते, तोच निकष सरकारी कागदावर उतरलेला दिसतो. आणि ग्वाटेमालातल्या बाईची जमेची बाजू ती बाळंत झालेली होती ही नव्हती, ती शेवटपर्यंत जवळून हलली नाही ही होती.

नवऱ्याला मुभा मिळाली तीही सशर्त: जिथे आडोशाची सोय पाळली जाते तिथेच. शहरातल्या खासगी दवाखान्यांना हे सोपे, तालुक्याच्या रुग्णालयाला पडदे बसवण्यापासून सुरुवात. डिसेंबर २०१७ मध्ये लेबर रूम सुधारण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि सोबतीणही गुणवत्तेच्या मोजमापात धरली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत ‘बाईच्या पसंतीची सोबत’ हे शब्द आले. आपल्या अटीशी त्यांचा मेळ बसत नाही. २०२० मध्ये करोनाने अनेक ठिकाणी दार पुन्हा बंद केले, सोबत थांबवू नये असा जागतिक सल्ला असतानाही.

दरम्यान सीझरचा आकडा वाढतो आहे. महाराष्ट्रात तो २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होता, २०१९-२१ मध्ये २५.४. यात दवाखान्यांची सोय आणि पैसा आहेच, पण कळांच्या धसक्याने ‘सरळ सीझरच करा’ म्हणणाऱ्याही आहेत. अशा बाईशी आधीच्या महिन्यांत निवांत बोलायचे कुणी? डॉक्टरांच्या रांगेत तेवढा वेळ नसतो. परिचारिकांना १८ महिन्यांचे प्रशिक्षण देऊन सुईणीचे काम नव्याने सोपवण्याची योजना डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झाली, ती बऱ्याच अंशी याच पोकळीसाठी. नव्या परिचारिकेला सुईण म्हणायचे नाही, याची काळजी मात्र सगळेच घेतात.