मे महिन्यातलं अर्थिंग

‘फ्रीजला अर्थिंग मारतंय’ असं गोव्यात, पेडण्यात किंवा डिचोलीत कुणी म्हणालं, की ऐकणाऱ्याला लगेच कळतं: दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. खरं तर अर्थिंग धड असतं तर त्या आल्याच नसत्या. बोलण्यात मात्र रोगाला आणि औषधाला आपण एकच नाव देऊन टाकलंय.

थ्री-पिनची वरची पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग लावताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. तिच्यातून निघालेली हिरवी तार एका बाजूला गीझरच्या पत्र्याला आणि दुसऱ्या बाजूला परसातल्या खड्ड्यातल्या पाइपला किंवा सळीला जोडलेली असते. आत फेजची, म्हणजे करंट आणणारी तार सुटून पत्र्याला लागली, तर करंटला माणसापेक्षा सोपी वाट मिळावी, एवढंच तिचं काम.

पण ती वाट जाते कुठे? जमीन करंट पिऊन टाकते, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. करंटला परत ट्रान्सफॉर्मरकडे जायचं असतं, आणि ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, तिथल्या जमिनीत गाडलेला असतो. म्हणजे आपला खड्डा, मधली माती आणि ट्रान्सफॉर्मरचा खड्डा असं एक सर्किट पुरं होतं. माती ही त्या सर्किटमधली तारच म्हणायची. गोव्यात गाडं अडतं ते इथेच, कारण गोव्याची माती एकसारखी नाही.

नदीकाठच्या खाजनात, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतजमिनीत, माती चिकण, ओली आणि खारी. तिची रोधकता, म्हणजे करंटला अडवण्याचा मातीचा गुण, 10 ओहम-मीटरच्या आसपास धरली, तर सरळ ठोकलेल्या दहा फुटी सळीचा जमिनीशी रोध तीन-साडेतीन ओहम भरतो. हीच सळी सड्यावर, म्हणजे उंचावरच्या सपाट माळावर, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीत ठोका. चिरा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही. एप्रिल-मेपर्यंत वरचा थर कोरडा ठणठणीत होतो आणि रोधकता शेकड्यांत, कधी हजाराच्याही वर जाते. 500 ओहम-मीटर धरली तरी सळीचा रोध होतो सुमारे 165 ओहम.

आता सोपा भागाकार करू. 230 व्होल्टला 165 ने भागलं की येतात जेमतेम 1.4 अँपिअर. हा करंट साध्या मिक्सरपेक्षाही कमी. गीझरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, 16 अँपिअरचा. त्याला यात काहीच वावगं दिसत नाही, तो पडणार नाही. आणि गीझरचा पत्रा तेवढा वेळ जवळजवळ 230 व्होल्टवर बसून राहील. अर्थिंग आहे, खड्डा आहे, हिरवी तारही आहे, तरी नळाला हात लावणारा सुरक्षित नाही.

खड्ड्यात मीठ-कोळसा भरायचा उपाय जुना आणि खराच आहे: कोळसा ओल धरतो, मीठ रोध उतरवतं. पण वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ते मीठ किती टिकणार? वाहून जातं, आणि जाता जाता पाइपही गंजवतं. त्यापेक्षा खड्डा कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) ओलीला किंवा न्हाणीचं पाणी जातं तिथे घेतलेला बरा. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायची जुन्या लोकांची सवय अगदी शास्त्रशुद्ध होती.

तरीही माझ्या मते सड्यावरच्या घराचा खरा आधार खड्डा नव्हे, आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांची तो सतत तुलना करतो. दोन्ही तारा एकाच कड्यातून जातात. करंट सारखे असतील तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला, की तो सेकंदाच्या एका अंशात वीज तोडतो. 165 ओहमच्या वाईट अर्थिंगमधूनही 1.4 अँपिअर गळत होते, म्हणजे त्याच्या मर्यादेच्या चाळीसपटीहून जास्त. एमसीबीला जे दिसत नाही ते याला ढळढळीत दिसतं.

आणि नेमका हाच काढून टाकला जातो! चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत माटोळीभोवती, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीभोवती, लाइटिंगच्या माळा, पडवीत ओल, बाहेर पाऊस. आरसीसीबी दोन-तीनदा पडतो, आणि आरतीच्या वेळी अंधार नको म्हणून कुणीतरी तो बायपास करतो. पडतो म्हणजे कुठेतरी खरोखर गळती आहे, हे ऐकायला त्या दिवशी कुणाला वेळ नसतो.

प्रत्येक झिणझिणी म्हणजे मोठा बिघाड असंही नाही. लॅपटॉप, वॉशिंग मशीन यांच्या फिल्टरमधून नेहमीच थोडा करंट पत्र्यावर येतो, बहुधा मिलीअँपिअरपेक्षाही कमी. अर्थिंग नसेल तर तो हाताला जाणवतो. मात्र निऑनचा टेस्टर दोन्ही वेळा सारखाच पेटतो, कारण त्याला पेटायला अगदी किंचित करंट पुरतो. त्यावरून निदान करू नये. मापायला अर्थ टेस्टर वेगळा असतो, आणि मापायचं ते मे महिन्यात, जुलैत नव्हे.

आरसीसीबीलाही एक मर्यादा आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर त्याच्या लेखी माणूस म्हणजे आणखी एक बल्ब. दोन्ही करंट सारखेच, तो गप्प. त्याच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहावं. वीज चालू असताना दाबूनही तो पडला नाही, तर त्याच दिवशी बदलून घ्यावा.