वापरलेला प्रोसेसर घ्यावा का?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गाला लागलं की जुने प्रोसेसर, म्हणजे संगणकातली सगळी आकडेमोड करणाऱ्या चिपा, सुटे विकणारी दुकानं दिसतात. मोठी ऑफिसं आपले डेस्कटॉप एकगठ्ठा काढून टाकतात. ते खोलून रॅम वेगळी, हार्ड डिस्क वेगळी, प्रोसेसर वेगळा असा माल बाजारात येतो. खोकं नाही, बिल नाही, फार तर थोड्या दिवसांची चेकिंगची मुदत. दहा-बारा वर्षं वापरलेली वस्तू पैसे देऊन घ्यायची का, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर: घ्या, बिनधास्त घ्या. सेकंडहँड हार्ड डिस्क मी कुणाला घेऊ देणार नाही, पॉवर सप्लाय तर मुळीच नाही. प्रोसेसरची गोष्ट वेगळी आहे, आणि त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, तिचं बेअरिंग झिजतं. पंख्याचं वंगण सुकतं. पॉवर सप्लायमध्ये आणि बऱ्याच मदरबोर्डांवर (सगळे भाग जिथे जोडले जातात त्या मुख्य बोर्डांवर) जे उभे, नळकांड्यासारखे कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे भाग, असतात त्यांच्या पोटात द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू उडून जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना आडाखा आहे. प्रोसेसरमध्ये यातलं काहीच नसतं. इंटेल कंपनीच्या तिसऱ्या जनरेशनचा (पिढीचा) चार कोरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चार भागांचा प्रोसेसर म्हणजे सुमारे १६० चौरस मिलिमीटरचा सिलिकॉनचा तुकडा. त्यावर १४० कोटींच्या आसपास ट्रान्झिस्टर आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या अतिसूक्ष्म तारा.

या तारांना मात्र एक आजार जडू शकतो. वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉनांचा लोंढा धातूच्या अणूंना किंचित पुढे रेटत असतो. वर्षानुवर्षं हे चाललं तर तार एका जागी पातळ होत जाते आणि शेवटी तुटते. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. अभियंते जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली त्याचं गणित मांडलं: तारेतल्या विजेची घनता दुप्पट झाली तर आयुष्य सुमारे एक चतुर्थांशावर येतं, आणि तापमान वाढलं तर त्याहूनही झपाट्याने घटतं. चिप आखणारे हे धरूनच तारांची जाडी ठरवतात. आता ऑफिसातल्या प्रोसेसरचं आयुष्य पाहा. दिवसभर वर्ड, एक्सेल, ईमेल. बहुतेक वेळ तो रिकामा, आणि रिकामा असला की आपला वेग आणि व्होल्टेज स्वतःच खाली आणतो. शिवाय ही मॉडेल्स लॉक केलेली असतात, त्यांना ठरलेल्या वेगापलीकडे फारसं ताणता येत नाही. नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर एखाद्या गेमरने जास्त व्होल्टेजवर पळवलेला असू शकतो. ऑफिसच्या मालात ती भीती नाही. म्हणून मी साधा, लॉक केलेला प्रोसेसरच घ्यायला सांगतो.

घेताना दोन गोष्टी पाहा. वरच्या धातूच्या झाकणावर मॉडेल नंबर कोरलेला असतो तो नीट वाचा. तिथे ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं दिसलं तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना आहे, घेऊ नका. मग चिप उलटी करा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरला खाली पिना नसतात, सोनेरी टिकल्या असतात. त्यांवर जळकट काळा डाग नको. इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी, तिच्या एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) प्रोसेसरला मात्र खाली १३३१ पिना आहेत. तो डोळ्यांच्या रेषेत आडवा धरा, वाकलेली पिन लगेच रांगेबाहेर दिसते.

पण त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: मशीन खरंच प्रोसेसरमुळे अडतंय का?

दादरला डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायची, कामं करणारे माझ्या ओळखीचे एक काका आहेत. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळीत अंकांची पानं. मशीन २०११ च्या सुमाराचं: आय३-२१०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या भागांचा मेळ घालणारी चिप) बोर्ड, ४ जीबी रॅम, ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. ‘अरे, कोरल उघडायला घेतलं की पाच मिनिटं नुसतं गरगर फिरत बसतं. आय७ टाकून दे बाबा,’ असं त्यांचं म्हणणं. कोरल म्हणजे त्यांचं पानं-पत्रिका रचायचं सॉफ्टवेअर. विंडोजचा टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) उघडला तर डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर जेमतेम १५. काकांचा प्रोसेसर वाट बघत बसला होता.

कशाची वाट, ते आकड्यांत बघू. ७२०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ७२००, सेकंदाला १२० फेऱ्या, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी अर्धी फेरी, ४.२ मिलिसेकंद. शिवाय डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठेक मिलिसेकंद. म्हणजे एका वाचनाला सुमारे १२ मिलिसेकंद. आय३-२१०० चा वेग ३.१ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३१० कोटी ठोके. त्या १२ मिलिसेकंदांत पावणेचार कोटी ठोके वाया गेले, आणि एखादं सॉफ्टवेअर उघडताना अशी हजारो वाचनं होतात. त्याजागी आय७ बसवला असता तर तोही तेवढाच वेळ थांबला असता, फक्त जास्त ठोके वाया घालवून. एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क; सॅटा ही डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत. साध्या सॅटा एसएसडीला हेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात जमतं. एच६१ बोर्डावर सॅटाचा जुना, कमी वेगाचा प्रकार असतो, तरी हरकत नाही. रोजच्या कामात मोठ्या फाइलींच्या वेगापेक्षा हा थांबण्याचा वेळच जास्त टोचतो. म्हणून पहिला पैसा एसएसडीवर, दुसरा रॅमवर. तोही एकाऐवजी दोन सारख्या पट्ट्या लावून, म्हणजे मेमरीचे दोन्ही मार्ग एकदम चालतात.

एवढं केल्यावर काकांचं कोरल झटपट उघडायला लागलं. अडलं ते जड फाइलींची पीडीएफ काढताना आणि यूट्यूब पाहताना. इथे खरोखर प्रोसेसर कमी पडत होता.

यूट्यूबचं कारण मला विशेष वाटतं. त्या काळच्या इंटेल प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ उलगडण्याची वेगळी यंत्रणा आहे. पुढे यूट्यूबने व्हीपी९ हा नवा प्रकार वापरायला घेतला आणि तो उलगडायची सोय या चिपमध्ये नाही, त्यामुळे सगळा भार साध्या कोरवर येतो. चिप मंदावलेली नाही, काम बदललंय. दोनाऐवजी चार खरे कोर मिळाले की हा भार पेलतो.

पीडीएफचं तसं नाही. कोर दुप्पट केले म्हणून वेळ निम्मा होत नाही, हे संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं. समजा एका कोरवर एखादं काम १०० मिनिटांचं आहे आणि त्यातलं ६० मिनिटांचं वाटून करता येतं, ४० मिनिटांचं एकामागून एकच करावं लागतं. दोन कोरवर ते ७० मिनिटांत होईल, चार कोरवर ५५. शंभर कोर लावले तरी ४० च्या खाली जाणार नाही. म्हणून एकेका कोरचा वेगही पाहायचा. टास्क मॅनेजर इथे चकवतो: आय३-२१०० ला खरे कोर दोनच, पण तो त्यात चार लॉजिकल प्रोसेसर (एक कोर दोन असल्यासारखा) दाखवतो, त्यामुळे एकाच धाग्यावर, म्हणजे काम न वाटता, चालणारं सॉफ्टवेअर पूर्ण ताकदीने पळत असलं तरी आकडा २५ टक्केच दिसतो आणि आपल्याला वाटतं बाकी सगळं मोकळं आहे. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे पाहावेत.

काकांसाठी ठरला तिसऱ्या जनरेशनचा आय५-३४७०: चार कोर, ३.२ गिगाहर्ट्झ, गरज पडली की ३.६ पर्यंत. दोन्ही एलजीए ११५५ सॉकेटचे, म्हणून बोर्ड तोच. पण सॉकेट जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. तिसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर ओळखण्याआधी २०११ च्या बोर्डाला नवं बायोस (बोर्ड सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) लागतं, ते जुना प्रोसेसर असतानाच टाकायचं, आणि मशीन यूपीएसवर ठेवून. मध्येच वीज गेली तर बोर्ड मेलाच म्हणायचा. ब्रँडेड ऑफिस मशीनच्या बोर्डाला असं अपडेट मिळेलच याची खात्री नसते, आधी कंपनीच्या साइटवर यादी बघा. सगळ्यात जास्त लोक फसतात ते एलजीए ११५१ ला. सहावी, सातवी आणि आठवी जनरेशन, तिन्हींचं सॉकेट दिसायला एकच. तरी आठवीचा प्रोसेसर सहावी-सातवीच्या बोर्डावर चालत नाही, त्याला ३०० मालिकेचाच चिपसेट लागतो. याउलट एएम४ वाले नशीबवान: २०१७ चा एएमडीचा रायझन ३ १२०० काढून त्याच बोर्डावर, बायोस मिळालं तर, २०२२ चा सहा कोरचा रायझन ५ ५६०० बसतो.

बसवणं अवघड नाही, घाई मात्र नको. काकांचा हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा, काढला तेव्हा पंख्याखालच्या पात्यांत धुळीचा नमदा बसला होता आणि दोघांमधल्या उष्णतावाहक पेस्टचा खडू झाला होता. मुंबईच्या दमट हवेत धूळ नुसती साचत नाही, चिकटते. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात आणि फटीतली हवा उष्णतेची फार वाईट वाहक. चांगली पेस्ट तिच्या शंभरपटीहून अधिक उष्णता वाहते, पण तांब्याच्या तुलनेत तीही कितीतरी मागे. म्हणून ती फटी भरण्यापुरतीच: मधोमध वाटाण्याएवढी, पसरवायचं काम हीटसिंकच्या दाबावर सोडायचं. सॉकेटचा खटका उघडल्यावर आत बोट नको; तिथल्या पिना केसासारख्या बारीक असतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण आणि कडेच्या दोन खाचा जुळवायच्या, चिप अलगद ठेवायची. दाबायची नाही, ती आपोआप बसते.

राहिला विंडोजचा प्रश्न, तो टाळता येत नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट, म्हणजे नव्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. काकांचं श्रीलिपी (मराठी फाँटचं सॉफ्टवेअर) आणि कोरल विंडोजवरच चालतं, तेव्हा ते मशीन आता नेटपासून तोडून फक्त पानं लावायला ठेवलंय, आणि यूट्यूब मोबाइलवर गेलं. ज्यांना त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार करायचे आहेत त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी, त्यात मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डही आहे. आणि विंडोज ११ च हवं असेल तर ११५५ च्या बोर्डावर एक रुपयाही घालू नका. आय३-८१०० सारख्या चार कोरच्या प्रोसेसरची ऑफिस मशीनं आता त्याच बाजारात येतात, त्यातलं एक अख्खं घ्या आणि एसएसडी नवी टाका.