गावात नवी रेल्वे येणार : पालिकेचा ठराव, शेतकऱ्याची हरकत आणि लागणारी कागदपत्रं

शिरपूरकरांना रेल्वे गाठायची तर आजही तापी ओलांडून नरडाणा किंवा धुळ्याला जावं लागतं. मनमाड-इंदूर या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर लांबी, १८,०३६ कोटी रुपये खर्च, ३० नवी स्थानकं. त्याआधी ऑगस्टमध्येच १७४ किलोमीटरचा जालना-जळगाव मार्ग मंजूर झाला होता. तेव्हापासून पारावर एकच प्रश्न, "गाडी कवय येई?" (कधी येईल?) त्याचं उत्तर पालिकेकडे नाही. पण गाडी येण्याआधी पालिकेने काय लिहून द्यायचं आणि आपण कोणता कागद कुठे द्यायचा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. रेल्वे हा केंद्र सूचीतला विषय आहे. मार्ग टाकायला नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागत नाही. "पालिकेने ठराव केला, आता स्टेशन पक्कं" असे फलक लागतात, त्यात फारसा दम नसतो. कारखाना किंवा खाण येताना पर्यावरणासाठी जनसुनावणी होते, तीही रेल्वेला लागू नाही, कारण २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत. म्हणजे कुणी मंडप टाकून तुमचं म्हणणं ऐकायला येणार नाही. गावाचं म्हणणं सरकारी दप्तरात जाण्याचा साधा रस्ता म्हणजे ठराव. त्यात काय लिहिलंय यावर त्याची किंमत ठरते.

ठराव कसा घडवून आणायचा? पालिकेच्या हद्दीत राहणारा कुणीही नागरिक, प्रवासी संघटना किंवा व्यापारी मंडळ मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज देऊ शकतं. प्रत नगराध्यक्षांना द्या. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. फक्त अर्जाने विषय सभेत येईलच असं नाही, म्हणून वॉर्डाच्या नगरसेवकाला गाठून विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. सभेत सूचक आणि अनुमोदक लागतात, ते आधी ठरलेले बरे. पालिकेवर प्रशासक असेल तर प्रशासकीय ठराव होतो, अर्ज तोच. धुळे-जळगावला महापालिका आहे, तिथे हाच विषय आयुक्त आणि नगरसचिवांमार्फत महासभेत जातो. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. सह्या नीट घ्या, एकाच हाताच्या पन्नास सह्या लगेच ओळखू येतात.

अर्जासोबत रहिवासाचा पुरावा, संघटना असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि बैठकीतला निर्णय, जागेचा कच्चा नकाशा आणि मागणीला आधार देणारी आकडेवारी जोडा. शेवटच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त घाम गाळा, बाकीचं झेरॉक्सवाला करून देतो.

आता ठरावात काय लिहायचं. बहुतेक ठरावांत "शहराच्या विकासासाठी रेल्वे अत्यावश्यक असून" पासून सुरुवात होते आणि तिथेच ते संपतात. रेल्वेच्या अधिकाऱ्याला विकास शिकवायची गरज नाही. त्याला हवी असते ती तुमच्याच गावाला माहीत असलेली माहिती : कोणता नाला पावसाळ्यात कुठून वाहतो, कोणत्या शिवरस्त्यावरून कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगला जातात, शाळेची पोरं कुठून रस्ता ओलांडतात, पाण्याची मुख्य पाइपलाइन कुठून गेली आहे.

यासाठी रेल्वे अधिनियम १९८९ मधलं कलम १६ पालिकेने पाठ करून ठेवावं. रुळांमुळे शेताची वाट तुटली किंवा पाण्याचा निचरा अडला तर ओलांडणी, पूल, मोऱ्या, गटारं रेल्वेने स्वतःच्या खर्चाने करून द्यायची असतात. काय आवश्यक आहे हे राज्य सरकारच्या मताने ठरतं. म्हणून ठराव नुसता रेल्वेला पाठवून भागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडेही गेलाच पाहिजे. शिवाय मार्ग सुरू होऊन दहा वर्षं उलटली की जादा कामांचा खर्च रेल्वेवर सहजी टाकता येत नाही. कलम १७ म्हणतं, जमीनमालकाला किंवा स्थानिक संस्थेला वाढीव काम हवं असेल तर खर्चही त्यांनीच उचलायचा. आज एका ओळीत मागता येणारा पूल उद्या पालिकेच्या बजेटमधून बांधावा लागतो.

भुयारी रस्त्याची उंची-रुंदी तर आकड्यातच लिहा. आमच्याकडे एक बोगदा असा आहे की मोटारसायकल जाते, कडब्याने भरलेली गाडी अडकते, आणि जुलैत त्यात कमरेएवढं पाणी. बांधणाऱ्याने नियमाप्रमाणेच बांधला असेल, पण कडब्याची गाडी किती उंच असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. केळीचा ट्रक, उसाची ट्रॉली, हार्वेस्टर यांची मापं टेपने घ्या आणि ठरावाला जोडा. पाणी कोणत्या नाल्यात काढायचं तेही लिहा.

नवा मार्ग नसून नवी गाडी किंवा थांबा हवा असेल तर कागद वेगळे. थांब्याचा निर्णय रेल्वे बोर्डाच्या पातळीवर होतो, बऱ्याचदा आधी प्रायोगिक तत्त्वावर, आणि त्या काळातली तिकीट विक्री पाहून पुढचं ठरतं. म्हणून स्थानकाच्या तिकीट विक्रीचे आकडे जोडलेला ठराव वजनदार. हे आकडे माहिती अधिकारात मिळतात. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही. रेल्वे केंद्राची असल्यामुळे ऑनलाइन अर्ज केंद्राच्या पोर्टलवर करायचा, राज्याच्या नव्हे. सोबत कॉलेजच्या वेळा, बाजाराचा दिवस, दवाखान्यासाठी लोक कुठे जातात हे द्या. गाडी पहाटे तीनला थांबून काय उपयोग, हे वेळापत्रक बनवणाऱ्याला गावानेच सांगायचं.

पत्ता चुकवू नका, खान्देशात हा घोळ हमखास होतो. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, धुळे हे मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतात. पण नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव हा सुरत बाजूचा मार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात येतो. अमळनेरचा थांबा भुसावळच्या मंडल रेल्वे प्रबंधकाकडे (डीआरएम) मागितला तर पत्र फिरत राहतं. ठरावाच्या प्रती संबंधित मंडल रेल्वे प्रबंधक, झोनचे महाव्यवस्थापक, खासदार, जिल्हाधिकारी आणि विभागीय रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समितीच्या आपल्या भागातल्या सदस्याला द्या. समितीच्या बैठकीत विषय निघाला की इतिवृत्तात नोंद होते आणि रेल्वेला लेखी उत्तर द्यावं लागतं.

ज्यांची जमीन जाणार आहे त्यांच्यासाठी पुढचं. पालिकेचा किंवा ग्रामसभेचा ठराव म्हणजे तुमची हरकत नव्हे. यावर विसंबून मुदत घालवलेले लोक भेटतात. रेल्वे अधिनियमाच्या कलम २०अ खाली संपादनाची अधिसूचना निघते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यांतलं एक मराठी. अधिसूचना प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत, कलम २०ड प्रमाणे, जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीने सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या संपादनासाठी केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) लेखी, कारणांसह हरकत द्यायची. सुनावणीला स्वतः जा किंवा वकील पाठवा. पालिकेची स्वतःची जागा त्यात जात असेल तर पालिकेलाही हीच मुदत.

हरकतीसोबत लागेल ते : चालू सातबारा आणि ८अ, फेरफार, गटाचा नकाशा, आधार कार्ड, मूळ मालक वारला असेल तर वारस नोंद. विहीर, बोअर, पाइपलाइन, फळझाडं यांचे फोटो आणि सातबाऱ्यावरची नोंद. विहीर आहे पण सातबाऱ्यावर नाही, अशी शेतं आपल्याकडे रगड. ती नोंद आत्ताच तलाठ्याकडून करून घ्या. ई-पीक पाहणीत केळी असूनही "पडीक" राहिलं असेल तर तेही दुरुस्त करा. भावकीचा वाद असेल तर तोही लेखी मांडा, नाहीतर मोबदल्याचा पैसा अडकून बसतो.

हरकत फेटाळली गेली म्हणजे सगळं संपलं असं नाही. मोबदला ठरवण्याआधी पुन्हा दावे मागवले जातात, आणि रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून रेल्वेच्या संपादनालाही लागू आहेत. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतली काही गावं आणि अक्कलकुवा, धडगावसारखे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) संपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत झाली पाहिजे, तेव्हा ठरावात तारखेसह ती मागा.

जाता जाता, स्टेशन झालं की घरपट्टी येईल या हिशोबात पालिकेने राहू नये. कलम १८४ प्रमाणे केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज स्थानिक संस्थेला रेल्वेवर कर लावता येत नाही. स्टेशनपर्यंतचा रस्ता, दिवे, रिक्षा थांबा, कचरा हा खर्च मात्र बहुधा पालिकेच्याच गळ्यात पडतो. ठराव करताना त्याची तरतूद बजेटमध्ये दाखवली तर रेल्वेवालेही पत्र जरा गंभीरपणे वाचतात.

ठराव झाल्यावर त्याची प्रमाणित नक्कल आणि पाठवल्याचा जावक क्रमांक पालिकेकडून मागून घ्या. कित्येक ठराव एकमताने मंजूर होतात आणि कपाटातच राहतात. दोन महिन्यांत पोच दिसली नाही तर रेल्वेकडे माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा : अमुक तारखेचा, अमुक क्रमांकाचा ठराव मिळाला का, आणि त्यावर काय शेरा मारला? उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील.