स्प्रिंगवाली एअर रायफल एवढी देखणी का वाटते?

जत्रेत फुगे फोडायला जी छर्ऱ्याची बंदूक हातात देतात तिला कुणी देखणी म्हणणार नाही, नळी डुगडुगते, दस्त्याला चिकटपट्टी, रंग कधीच उडालेला. पण तिच्याच जातीची, म्हणजे स्प्रिंगवरच चालणारी एखादी जर्मन नाहीतर इंग्लिश रायफल नीट उजेडात ठेवली तर ज्याला बंदुकीत काडीचा रस नाही तोसुद्धा एकदा हात फिरवून बघतो. आतलं तत्त्व दोघींचं एकच. नुसतं 'फिनिशिंग भारी आहे' म्हणून भागत नाही, कारण तिचं रूप बरंचसं आतल्या फिजिक्सने ठरवलेलं असतं.

आत काय असतं तर एक जाडजूड पोलादी सिलिंडर, त्यात पिस्टन आणि पिस्टनच्या मागे दणकट स्प्रिंग. नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) किंवा लिव्हर ओढून पिस्टन मागे न्यायचा, तो तिथे अडकतो, चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन धाडकन पुढे येतो, आणि समोरची हवा इतक्या झटक्यात दाबली जाते की ती क्षणभर काहीशे अंशांपर्यंत तापते आणि एका बारीक भोकातून छर्ऱ्याच्या पाठी लागते. सगळा खेळ सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात खलास. इथे दारू नाही की आधीच भरून ठेवलेली टाकी नाही, लागेल तेवढी हवा एका दमात दाबायची म्हणून सिलिंडर जाड आणि लांब हवाच. छर्रा मात्र बहुतेक वेळा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे त्याची नळी बारीक. जाड नळकांड्यापुढे बारीक नळी, हे ध्यान दिसायला बेढबच होणार, आणि माझ्या मते स्प्रिंग रायफलचं सगळं सौंदर्य हा बेढबपणा कोण कसा निस्तरतो यातच आहे.

नळी मोडणाऱ्या रायफलमध्ये नळी हीच तरफ असते, म्हणून ती लांब ठेवावी लागते. छर्ऱ्याला एवढी लांबी लागत नाही हो, तो पहिल्या वीसेक सेंटीमीटरमध्येच जवळजवळ सगळा वेग घेऊन मोकळा होतो, उरलेली नळी आपल्या हाताच्या सोयीसाठी. बाजूला लिव्हर लावली तर एक बाजू छान आणि दुसरीकडे दांडा, १९७० च्या दशकातली फाइनवेर्कबाऊ ३०० अशीच आहे, नेमबाजीत तिचं नाव मोठं, पण फोटो काढायचा तर डावीकडूनच काढावा. तिसरा उपाय नळीच्या खाली लिव्हर. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीजने १९०४ च्या सुमारास याचं पेटंट घेतलं आणि बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) या कंपनीने तशा रायफली बनवल्या. आजची जर्मन वाइराउख कंपनीची एचडब्ल्यू ९७ किंवा इंग्लिश एअर आर्म्सची टीएक्स २०० बघा, लिव्हर नळीला खालून अशी चिकटून बसते की बारीक नळीखालची रिकामी जागा भरून जाते आणि पुढचा भाग मागच्या सिलिंडरला शोभेल इतका भरीव दिसतो.

डोळ्याला हे का आवडतं त्याचंही उत्तर आहे. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये मांडलं होतं की आपली नजर तुटक तुकड्यांपेक्षा सलग जाणारी रेषा पकडते, आणि २००६ मध्ये मोशे बार आणि माइटल नेटा यांच्या प्रयोगात लोकांना टोकदार वस्तूंपेक्षा गोलाईच्या वस्तू जास्त आवडल्या. बंदुकींवरचा अभ्यास नव्हता तो, पण बटपासून पकडीच्या वळणावरून चापाच्या कडीखालून लिव्हरच्या टोकापर्यंत नजर कुठेच ठेचकाळली नाही की 'वा' का निघतं ते त्यातून कळतं.

आता धातू. तो काळानिळा रंग म्हणजे पेंट नव्हे. पोलाद कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटसारख्या क्षारांच्या साधारण १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात बुडवतात आणि पृष्ठभागावरच्या लोखंडाचाच मॅग्नेटाइट, म्हणजे काळा लोह-ऑक्साइड, होतो. हा थर जेमतेम मायक्रोनभराचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, त्यामुळे तो काहीही झाकत नाही, खालचं पॉलिश जसं असेल तसं दिसतं. आणि गोल सिलिंडरवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब एका लांब बारीक रेघेत येतं, पॉलिश करताना कुठे हात जास्त दाबला गेला असेल तर तिथे ती रेघ नागमोडी होते, जसा स्टीलच्या तांब्याला पोचा आला की तोंड वाकडं दिसतं. रायफल डोळ्यासमोर आडवी धरून हळूहळू फिरवायची, रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ सरकली तर कारागिराने काम मनापासून केलंय. जर्मनीच्या बाजारासाठी बनवलेली रायफल असेल तर फिरवता फिरवता पंचकोनात कोरलेला एफ दिसेल, ऊर्जा ७.५ जूलच्या आत असल्याची ती खूण, आणि मला तर ती उगाचच दागिन्यासारखी वाटते.

लाकडाची गंमत याहून जास्त आहे. स्वस्तात बीच नावाच्या झाडाचं लाकूड, पैसे असतील तर अक्रोड, काश्मिरी कोरीवकामात वापरतात त्याच जातीचा. कोरड्या लाकडात छिद्रांमध्ये हवा असते, प्रकाश वरच्यावर विखुरतो म्हणून ते फिकट राखाडी दिसतं. जवसाचं तेल चोळलं की ती हवा जाते, तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) साधारण १.४८ आणि पेशींच्या भिंतींचा १.५३ च्या आसपास, म्हणजे फरक अगदी थोडा, प्रकाश आत शिरतो, रंग घेऊन परत येतो, आणि तोच दस्ता एकदम गडद होतो. काही फळ्यांमध्ये तंतू सरळ न जाता लाटांसारखे वर-खाली होत जातात, तिथे पट्टे दिसतात, आणि दस्ता जरा कलता केला की उजळ पट्टा काळा आणि काळा पट्टा उजळ. तो रंग नाहीच, तंतूंचा कोन आहे, म्हणून छापील प्लॅस्टिकवर कितीही हुबेहूब नक्षी काढा, ती हलत नाही आणि डोळा लगेच ओळखतो. चेकरिंगच्या बारीक चौकटी पकडीसाठी असतात, पण गुळगुळीत लाकडाशेजारी त्या खुलूनही दिसतात.

मला न आवडणारा प्रकार म्हणजे बारीक नळीवर जाड प्लॅस्टिकचं कव्हर चढवून रायफल दमदार दाखवायची. सगळं प्रमाण बिघडतं, शिवाय टिचकी मारली की आवाज पोकळ.

लाकूड आणि पोलाद यांच्यातली फटही बघा. या रायफलीचा झटका दुहेरी असतो, आधी मागे आणि पिस्टन थांबताना पुढे, त्यामुळे दस्त्याचे स्क्रू सैल होतात. सगळीकडे सारखी, केसासारखी फट राहिली असेल तर बसवणी चांगली, एकीकडे चिकटलेली आणि दुसरीकडे उघडी तर लाकूड ढिलाईने कोरलंय.

आणि ही चमक आपल्याकडे सांभाळायची म्हणजे काम आहे, कारण तो मॅग्नेटाइटचा थर सच्छिद्र असतो, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात घामाच्या बोटाचा ठसा तसाच राहिला तर तिथे तांबूस डाग उमटतो. हाताळून झालं की तेलाचं फडकं फिरवायचं, पण बाहेरूनच, कारण तेल सिलिंडरमध्ये उतरलं तर त्या तापलेल्या हवेत ते पेट घेतं आणि पिस्टनच्या तोंडाशी हवा अडवणाऱ्या सीलची आणि स्प्रिंगची वाट लागते.